कँडर : जुना अर्थ

कँडर या इंग्रजी शब्दाखाली मी केलेलं एक भाषांतर चुकलं आहे, हे मला आज सकाळी पावणेअकराच्या सुमारास कळलं. चूक करून एकतीस वर्षं झाली होती. कोशाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं समोर, डाव्या हाताला चहा, उजव्या हातात लाल पेन्सिल, आणि मी 'सी'च्या पानांवरून आपल्या घरचा जिना उतरावा तशी न बघता उतरत होते. तेवढ्यात पाय चुकला. शब्द, उच्चार, व्याकरण, व्युत्पत्ती, मग अर्थ : मनमोकळेपणा, स्पष्टपणा, सरळपणा. इथपर्यंत ठीक. खाली उदाहरण म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा बाईच्या पत्रातलं एक वाक्य, आणि त्याचं मराठी : 'माझे दोष तिने नेहमीच्या फटकळपणाने पाहिले, आणि मी तिची जन्माची ऋणी झाले.' चहाचा घोट तोंडातच राहिला. फटकळपणाबद्दल जन्माचं ऋणी कोण होतं? मी तरी कधी झाले नाही.

शब्दाचं मूळ मला पाठ आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पांढरेपणा, लखलखीतपणा. मेणबत्तीला इंग्रजीत जो शब्द आहे तो त्याच घरातला, आणि निवडणुकीच्या उमेदवारालाही जो शब्द आहे तोही, कारण रोममध्ये उमेदवार म्हणे पांढरीशुभ्र वस्त्रं घालून मतं मागत फिरायचे. (आमचे एक सहकारी म्हणायचे, तेव्हापासून पांढऱ्या कपड्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.) इंग्रजीत आल्यावर आधी नुसता पांढरेपणा, मग मनाचा स्वच्छपणा, आणि मग बराच काळ एक फार सुंदर अर्थ : दुसऱ्याकडे वाकड्या नजरेने न बघणं, त्याच्या वागण्यातली चांगली बाजू धरणं, चुकीवर पांघरूण घालणं. आजचा अर्थ, म्हणजे मनात असेल ते तोंडावर बोलणं, हा नंतरचा. माणसं म्हातारपणी तिरसट होतात तसे काही शब्दही होतात. तर त्या पत्रातल्या बाईची मैत्रीण फटकळ नव्हती. तिने दोष पाहिले आणि मोठ्या मनाने सोडून दिले. मी तिला नेमकं उलटं करून ठेवलं होतं, आणि ती बिचारी एकतीस वर्षं, तीन आवृत्त्या, हजारो घरांतल्या कपाटांत फटकळ म्हणून उभी होती.

मी उठून मागच्या खोलीत गेले. तिथे अजून जुन्या कार्डांचे लाकडी खण आहेत. सगळं संगणकावर गेलं तरी ते टाकून द्यायला कुणाचा हात धजला नाही. 'सी'चा दुसरा खण ओढला की अर्ध्यात अडतो, मग उजवीकडून जरा उचलावा लागतो. हाताला ते आपोआप आठवलं. कार्ड सापडलं. चोविसाव्या वर्षीचं माझं अक्षर, गोल, आज्ञाधारक, शाईचा एक ठिपकासुद्धा नाही. आणि खाली सरांची, म्हणजे आमच्या तेव्हाच्या मुख्य संपादकांची, हिरवी सही. सरांची हिरवी सही म्हणजे कार्ड पास. एका अनुस्वारासाठी कार्ड तीनदा परत करणारा माणूस. 'कदाचित' दीर्घ लिहिलं म्हणून मला दिवसभर तोच शब्द डोक्यात घेऊन हिंडायला लावणारा माणूस. तो अशा ठिकाणी सही कशी करतो, जिथे अर्थच डोक्यावर उभा आहे? आणि जुना अर्थ मला शिकवला होता तो सरांनीच, पुढे केव्हातरी, जिन्यात उभं राहून. म्हणजे त्यांना तो ठाऊक होता. मला स्वतःच्या चुकीपेक्षा त्या सहीचंच जास्त वाईट वाटलं, हे खरं सांगायला हरकत नाही.

कार्ड हातात घेऊन बाहेर आले तर नवे संपादक माझ्या टेबलापाशी उभे. नवे म्हणजे सात वर्षं झाली, पण आम्ही त्यांना नवेच म्हणतो. माणूस चांगला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि घाईत.

"मॅडम, सरांकडे आज जाताय ना?"

"चारला."

"मग सांगून टाका एकदाचं. गोलगोल नको. प्रस्तावना तशी छापता येणार नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, आणि तुमच्याशिवाय कुणाचं ते ऐकायचे नाहीत."

"आणि नाहीच सांगता आलं तर?"

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. पाच ओळींचं मनोगत, सरांच्या नावाने, गुळगुळीत. "मग यावर सही घेऊन या. ते काय, तुम्ही म्हणाल तिथे सही करतील. उद्या पानं छापायला जायची आहेत."

वाईट हेतू नव्हता त्यांचा. म्हणूनच राग येईना, आणि येईना म्हणून अवघडल्यासारखं झालं.

प्रस्तावना माझ्या पर्समध्ये होती. चार पानं, हाताने लिहिलेली, सरांचं तेच देखणं अक्षर, रेघेवर बसलेलं. आठ दिवसांपूर्वी आली तेव्हा पहिलं पान वाचून मला भरून आलं होतं. कोशाचं ऑफिस सुरू झालं तो दिवस त्यात होता : दोन टेबलं, चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी, आणि कोणत्या शब्दापासून सुरुवात करायची यावर झालेला वाद. मग दुसरं पान वाचायला घेतलं. दोन टेबलं, चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी. मला वाटलं नक्कल असेल, चुकून पाठवली असेल. तिसरंही तेच. चौथंही. नक्कल नव्हती, प्रत्येक वेळी त्यांनी ते पहिल्यांदाच लिहिलं होतं. एखादं विशेषण बदललेलं, एखादं वाक्य आधी आलेलं. मी चारही पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि बराच वेळ नुसती बघत बसले. ज्याने मला एका शब्दाच्या चार छटा वेगळ्या करायला शिकवलं, त्याला स्वतःची चार पानं वेगळी करता येत नव्हती. आणि आता हे त्याला मी सांगायचं होतं. सांगितलं तर तो त्या खुर्चीत मोडेल. न सांगता सही घेतली तर त्याच्या जन्माच्या कामावर त्याच्या नावाने दुसऱ्याचे शब्द जातील, आणि ते फसवून घेतलेले असतील, माझ्याकडून.

आमच्या ऑफिसात सरांना पाठीमागे 'अर्धविराम' म्हणत. बोलता बोलता थांबायचे. नेमका शब्द मिळेपर्यंत पुढे जायचे नाहीत, मग समोरच्याची बस चुकली तरी चालेल. आम्ही पोरंसोरं तोंडावर हात ठेवून हसायचो. गेल्या दोन-तीन वर्षांत ते थांबणं लांबत गेलं तेव्हा आमच्यापैकी कुणालाही संशय आला नाही तो त्यामुळेच. आम्हाला वाटलं, शब्द शोधताहेत.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. काचेतून दुपारची दुकानं मागे जात होती, एका दुकानात तराजूशी वाकलेला माणूस दिसला आणि बाबा आठवले. तराजू दिसला की आठवतातच. बाबा वजनं-मापं तपासणारे अधिकारी होते. दुकानात शिरले की दुकानदाराचा चेहरा पडायचा. त्यांनी आयुष्यात कुणाचा चहा घेतला नाही आणि कुणाची भीड ठेवली नाही, आणि तेच वजन घेऊन ते घरी यायचे. "मी काटा आहे," म्हणायचे. "काटा लाडीगोडी लावत नाही." बाराव्या वर्षी पाहुण्यांसमोर मी गाणं म्हटलं, म्हणजे दीड कडवं म्हटलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हिला गळा नाही. उगाच वेळ नका घालवू." पाहुणे हसले, आई आत गेली. त्यानंतर मी न्हाणीघरातसुद्धा गायले नाही. खरं होतं ते, मला गळा नव्हताच, अजून नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला गळा नसला तर काय बिघडतं, हे काट्याला कोण सांगणार? गुणपत्रिका आली की ते आधी ती तळहातावर ठेवून हात जरासा वरखाली करायचे, वजन घेतल्यासारखा, मग उघडायचे. घरातला विनोद होता तो, आम्ही दोघी बहिणी त्याची नक्कल करायचो. पण कार्ड, पत्र, रुमाल, काहीही हातात आलं की त्यांचा हात असा हलायचाच.

कोशात नोकरी लागली तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनाच सांगितलं. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "अक्कल आहे तुला. चिकाटी नाही. तीन महिने टिकशील." मी त्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी बॅग भरून नोकरदार मुलींच्या वसतिगृहात गेले. खोलीत तीन खाटा, एक आरसा, आणि सकाळी नळाला रांग. त्याच आठवड्यात माझ्याकडे ते कार्ड आलं असणार. तारीख बघितली तर तसंच होतं. आता सगळं उमगतं. त्या आठवड्यात जगात सत्य एकाच प्रकारचं होतं, पेपरच्या आडून येणारं. समोरच्या वाक्यात कुणी कुणाचे दोष पाहत होतं आणि शब्द होता कँडर. मी पेन उचललं आणि फटकळपणा लिहून मोकळी झाले. कोशात रागावून लिहिलेला तो माझा एकुलता एक शब्द. बाबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. आमचं बोलणं होतं तसं होतं, सणावाराच्या चौकशीपुरतं. मी तीन महिन्यांनंतरही तिथेच आहे, हे त्यांनी कधी तोंडाने मोजलं नाही, आणि मीही कधी आठवण करून दिली नाही. आमच्या घरात हट्टाला कधी तोटा पडला नाही.

सरांच्या सुनेने दार उघडलं. "या. आज बरे आहेत. सकाळी मला दोनदा विचारलं, आपण कोण, पण तसे बरे आहेत." हसून म्हणाली ती, आणि ते हसू तसंच ठेवून चहा करायला गेली.

सर खिडकीशी, त्याच टेबलापाशी. टेबलावर काही नाही, फक्त हात. मला बघून चेहरा उजळला आणि नावासाठी ते थांबले. मी वाट पाहिली. पूर्वीही पाहायचे.

"ये गं," म्हणाले शेवटी. "कुठल्या अक्षरावर आहात?"

"सीवर, सर."

"अजून?"

"नवीन आवृत्ती आहे. पुन्हा पहिल्यापासून."

"हां. म्हणजे मधे छापून झाला तो." त्यांना हे ऐकून बरंच बरं वाटलेलं दिसलं.

पर्समध्ये दोन्ही होतं, टाइप केलेलं मनोगत आणि चार पानं. मी काढलं ते तिसरंच. कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. खरं सांगायचं तर वेळ काढत होते मी. समोर अवघड काम असलं की माणूस शेजारचं सोपं काम उचलतो. सरांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, आणि तो माणूस परत आला. कपाळ, भुवया, ओठ, सगळं जागच्या जागी.

"उलटं आहे हे. इथे जुना अर्थ हवा. हे तुझं अक्षर."

"हो. आणि सही तुमची."

"माझीच." ते थांबले. मी त्या थांबण्यात दुसरं काही शोधलं नाही. "तुझे वडील आले होते त्या दिवशी."

मला वाटलं, झालं, घसरले. माझे बाबा कधी ऑफिसात आले नव्हते. चोरून कुठे जाणाऱ्यातले ते नव्हते, म्हणजे तसं मी समजत होते.

"उंच गृहस्थ. बसले नाहीत. म्हणाले, माझी मुलगी इथे काम करते, ती कामाची आहे का, स्पष्ट सांगा, मला स्पष्टच आवडतं. तू ग्रंथालयात गेली होतीस. आणि माझ्या हातात हे. आत्ताच चूक दिसलेली. आता काय सांगू? नवी मुलगी, दहा दिवसांची. चूक करणारच. मी म्हटलं, हे बघा ना, हे तिचं कार्ड, इतकं नीट काम माझ्याकडे कुणी करत नाही. आणि त्यांच्यासमोर सही ठोकली. म्हटलं, नंतर काढू बाहेर, दुरुस्त करू. आणि विसरलो." ते जरा हसले. "तेव्हाही विसरायचो मी. तुम्हा लोकांना आत्ता वाटतं ते नवीन नाही."

"बाबा काय म्हणाले?"

"कार्ड मागितलं. वाचलं नाही. असं केलं." सरांनी ते कार्ड तळहातावर ठेवलं आणि हात जरासा वरखाली केला. "मला गंमत वाटली. पोस्टात होते का गं ते? मग म्हणाले, म्हणजे माझा अंदाज चुकला. आणि म्हणाले, मी आलो होतो हे तिला सांगू नका. मी नाही सांगितलं."

हे मी सरांना कधी सांगितलं नव्हतं. बाबांच्या हाताची ती सवय घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मी खिडकीबाहेर बघत राहिले, समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं. बाबा. जिने चढून, माझी पाठ वळलेली बघून. एकतीस वर्षं मी एका वाक्यावर रागावून होते, आणि ते वाक्य त्यांनी दहाव्या दिवशीच मागे घेतलं होतं, एका चुकीच्या कार्डावर भरवसा ठेवून. मला रडू आलं. सरांनी ते पाहिलं आणि नजर टेबलाकडे वळवली.

चहा आला. बशीत दोन बिस्किटं. सरांनी एक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "आता तू सांग. माझी प्रस्तावना कशी झालीय? कुणी फोन करत नाही. नवा मुलगा गप्प आहे. म्हणजे काहीतरी आहे."

टाइप केलेला कागद पर्समध्ये अगदी वर होता. हाताला लागला. छान झालीय सर, फक्त इथे एक सही, एवढं म्हटलं की संपलं असतं, आणि चहा गरम असतानाच मी निघाले असते. उदार मनाने, जुन्या अर्थाने. पण ते माझ्याकडे बघत होते, तसेच, कार्ड परत करायच्या आधी बघायचे तसे, आणि मला वाटलं, यांना आत्ता फसवलं तर यांना कळणार नाही, आणि न कळण्याचाच फायदा घ्यायचा तर त्याला उदारपणा म्हणायची मला लाज वाटेल.

"सर, चार पानं पाठवलीत तुम्ही."

"हो."

"चारही पानं एकच आहेत."

आत कुकरची शिट्टी झाली, सुनेने गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"शब्दशः?"

"नाही. थोडाथोडा फरक आहे. पण तेच पान आहे, चारदा."

"टेबलं, खुर्च्या?"

"हो. मोडकी खुर्चीपण."

"चारदा." त्यांनी बिस्किट उचललं आणि परत बशीत ठेवलं. "आणि मला वाटत होतं, मी पुढे चाललोय." मग बशी बाजूला सारून, "बरं झालं तू सांगितलंस. या घरात सगळे माझ्याशी लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलतात." मला त्यांचा हात धरावासा वाटला. आम्ही त्या पद्धतीची माणसं नव्हतो, तरी मी धरला. ऑफिसातल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात गार होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

"कितवं चांगलं आहे?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला नाही. "चौथं."

"का?"

"त्यात काकू आहेत."

काकू म्हणजे त्यांची पत्नी. जाऊन सहा वर्षं झाली. पहिल्या तीन पानांत त्यांचं नावनिशाण नव्हतं. माणूस पहिल्या खर्ड्यात मोठ्या लोकांचे आभार मानतो.

"वाच," सर म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी वाचलं. टेबलं, खुर्च्या, वाद, पहिला शब्द, पहिली वर्गणी देणारा शिक्षक. मोठ्याने वाचल्यावर ते आणखी चांगलं लागत होतं. मग शेवटचा परिच्छेद. "कोशावर नाव माझं आहे. पण जेवणाचं टेबल पंचवीस वर्षं ज्या बाईने कार्डांना दिलं, आणि स्वतः ताट मांडीवर घेतलं, तिचं नाव कुठल्याही पानावर नाही. तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण कार्ड चुकीच्या जागी लागलेलं तिला लांबून दिसतं. आत्ताही ती आतल्या खोलीत कार्डं लावते आहे."

"थांब."

डोळे उघडले होते. "शेवटचं पुन्हा वाच."

मी वाचलं. सावकाश, आणि प्रूफ दुसऱ्याला वाचून दाखवतात तसं, आवाजात काही न आणता.

"पेन्सिल दे."

"राहू द्या ना, सर," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. "असंच चांगलं वाटतं. कुणी काही म्हणणार नाही."

"चुकीचं आहे ते."

"असू दे. एवढं एक."

"तुझं राहू दिलं होतं," ते म्हणाले. "माझं कसं राहू देऊ?"

मी लाल पेन्सिल दिली. त्यांनी पान स्वतःकडे वळवलं, ओळ शोधली, बोट ठेवलं. 'येत नाही'वर रेघ मारून वर 'येत नसे' लिहिलं. 'दिसतं'चं 'दिसे' केलं. 'आत्ताही' खोडलं. मग 'लावते आहे' या दोन शब्दांवर एक सरळ रेघ ओढली, खाली शब्द घालायची काकपदाची खूण केली आणि वर, जागा कमी होती म्हणून अक्षर बारीक करून, लिहिलं : 'लावत असे'. खाली सही केली. पान माझ्या हातात दिलं.

"आता छापा," म्हणाले, आणि मान वळवून आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.